कितीला पडला?

घरात पहिल्यांदा टीव्ही येतो तेव्हा पेढे वाटले जातात. तो बिघडला म्हणून त्याच्या जागी दुसरा आणला, तर पेढे कोणी मागत नाही. शेजारी दारातूनच विचारतात, "कितीला पडला?" पहिल्या टीव्हीवर काय पाहिलं ते आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला सांगता येतं. १९८३ सालचा कपिल देवच्या हातातला कप, रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारं 'रामायण', आणि मध्येच चित्र जाऊन 'व्यत्यय'ची पाटी आली तरी ती पाटीसुद्धा टक लावून पाहणारी चाळ. दुसऱ्या-तिसऱ्या टीव्हीची आठवण विचारली तर लोक किंमत सांगतात. खरं म्हणजे किंमतही सांगत नाहीत, ती मूळ किमतीपेक्षा किती कमी होती ते सांगतात.

पूर्वीचे टीव्ही जायचे तेही वाजतगाजत. फट्ट आवाज, जळका वास, आणि पिक्चर ट्यूब उडाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत आळीभर. हल्लीचे चपटे टीव्ही अर्धेअर्धे जातात. आमच्या बत्तीस इंचीवर आधी उभ्या रेघा आल्या. मालिकेतली सासू, सून, वकील, इन्स्पेक्टर सगळे सारखेच गजाआड दिसू लागले. मग एका संध्याकाळी चित्र गेलं आणि आवाज राहिला. घरातल्यांनी काही दिवस तो तसाच लावला. बातम्यांना चित्राची गरज नसते हे तेव्हा कळलं. मालिकेला तर मुळीच नसते, कारण मालिकेत प्रत्येक जण करायचं ते आधी बोलून दाखवतो.

दुरुस्तीवर अजून श्रद्धा असलेला पुणेकर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जातो. तिथून आलेल्या कारागिरानं पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी टॉर्च काढला. "काका, खोलीतला दिवा बंद करा." काळ्या पडद्याला टॉर्च चिकटवल्यावर आत बातम्या देणारी बाई पुसट दिसली. "चित्र आहे. मागच्या लाइटच्या पट्ट्या गेल्यात." आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं तर एलसीडी; एलईडी असतात त्या पडद्याच्या मागे उजेड पाडणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या. त्या बदलता येतात आणि त्यांचा खर्चही सोसण्यासारखा असतो. मी लगेच सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात तो म्हणाला, "पट्ट्या बदलतो, पण रेघा पॅनलच्या आहेत. त्या उजेडात जास्त चांगल्या दिसतील." आणि पॅनल बदलायचं तर त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते. टॉर्च लावण्याचे पैसे घ्यायला तो संकोचला. टीव्हीच्या साऱ्या प्रकरणात पैसे घ्यायला संकोचलेला तो एकटाच.

हे सगळं झालं २०२५ च्या गणपतीत. दारात नातेवाईक, घरात आरास, आणि कोपऱ्यात बोलका पण आंधळा टीव्ही. गौरींचं विसर्जन होऊन एक दिवस उलटला, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचं ठरलं. लागू कधी? २२ सप्टेंबरपासून. त्या दिवशी घटस्थापना होती. मधल्या काळात काय होतं? पितृपक्ष. आमच्याकडे पितृपक्षात साधी चादरही विकत आणत नाहीत, टीव्ही तर लांबच. म्हणजे ज्या पंधरवड्यात टीव्ही घेणं शास्त्राला मंजूर नव्हतं, त्याच पंधरवड्यात ते अर्थशास्त्रालाही मंजूर नव्हतं. पंचांगकर्ते आणि अर्थमंत्रालय यांचं एवढं एकमत मी तरी पूर्वी पाहिलेलं नाही. दुकानातले विक्रेते त्या दिवसांत एकमेकांनाच टीव्ही दाखवत बसले होते.

या दहा टक्क्यांवरून आमच्या घरात वाद झाला. माझे मेव्हणे साताऱ्याला असतात. खरेदी या विषयातला त्यांचा अधिकार आमच्या सासरी कोणी नाकारत नाही. त्यांनी फोनवर जाहीर केलं, "दाजी, दहा टक्के स्वस्त झाला. चाळीस हजाराचा छत्तीसला." मी शाळेत गणितात बरा होतो. तीस हजारांच्या मालावर २८ टक्के कर धरला तर ३८,४०० होतात, १८ टक्के धरला तर ३५,४००. तीन हजार वाचले, पण ३८,४०० वर ते आठ टक्केही भरत नाहीत. हे मी शांतपणे समजावून सांगितलं. मेव्हणे तितक्याच शांतपणे म्हणाले, "तुम्ही दुकानदाराच्या बाजूने आहात का आपल्या?" यावर गणितात उत्तर नाही. शिवाय बत्तीस इंच आणि त्याखालच्या टीव्हीला २०१९ च्या जानेवारीपासून १८ टक्केच कर होता, म्हणजे आम्ही आपला बत्तीसच परत घ्यायचा ठरवला असता तर या सगळ्या आनंदाचा आम्हाला पैशाचाही उपयोग नव्हता. पण सवलत दिसली की माणूस आधी ती घ्यायचं ठरवतो आणि मग वस्तूचा आकार त्या मापाचा करतो. आम्ही त्रेचाळीसवर गेलो.

आकार हा आमच्या शोकेसचा विषय होता. नव्वदच्या दशकात सुताराला घरी बसवून सनमायका लावलेलं भिंतभर शोकेस ज्यांनी करून घेतलं, त्यांच्या घरी टीव्ही किती इंची घ्यायचा हे सुतारानं तेव्हाच ठरवून ठेवलेलं असतं. आमचा खण २९ इंची डब्याचा. पुढे त्यात बत्तीस इंची चपटा सुखानं बसला, तेव्हा आईनं विचारलं होतं, "मोठा आणला म्हणालात ना? मग माणसं बुटकी का दिसतात?" सगळे हसले, पण तिची नजर पक्की होती. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. जुन्या टीव्हीचा पडदा चारास तीन, नव्याचा सोळास नऊ. मोजून बघा: जुन्या २९ इंचीच्या चित्राची उंची सतरा इंचांच्या वर जाते, नव्या बत्तीसची पावणेसोळाच्या खालीच राहते. तीन इंच जास्त मोजून दीड इंचाहून अधिक कमी घरी आणायचा, आणि वर मोठा आणला म्हणून सांगायचं. त्रेचाळीसमध्ये हा अन्याय दूर होतो, पण तो रुंदीला आमच्या खणात मावत नाही. खण कापायला सुतार आला. त्याचे पैसे टीव्हीच्या किमतीत धरायचे की शोकेसच्या दुरुस्तीत, हा प्रश्न आमच्याकडे अजून सुटलेला नाही. सौ.चं मत, तो घरखर्च.

आमच्या वडिलांनी टीव्ही घेतला तेव्हा असला हिशेब नव्हता. मुंबई केंद्र १९७२ च्या गांधी जयंतीला सुरू झालं, पुण्यात सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून चित्र येऊ लागलं आणि मध्यमवर्गीय माणूस कामाला लागला. ऑफिसच्या सोसायटीतून कर्ज काढायचं, दुकानात नाव नोंदवायचं, आणि टीव्ही आला की पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढायचा. क्राऊन, वेस्टन, डायनोरा, टेलिव्हिस्टा, यातला जो मिळेल तो. निवड करायची असे ती एकच: शटरचा की बिनशटरचा. शटरचा टीव्ही म्हणजे लाकडी पेटी, तिला सरकती दारं, दाराला कुलूप, आणि किल्ली वडिलांच्या जानव्याला नाहीतर आईच्या मंगळसूत्राला. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी रंग आले, तेव्हा ज्यांना रंगीत परवडत नव्हता त्यांनी काळ्या-पांढऱ्या पडद्यावर वर निळी, खाली हिरवी अशी प्लास्टिकची काच लावली. त्यात बातम्या देणाऱ्याचं कपाळ आकाशी दिसे आणि हनुवटी पोपटी. पण कोणी तक्रार केली नाही. किंमत काही महिन्यांच्या पगाराएवढी, आणि त्या किमतीवर घासाघीस करण्याची हिंमत कोणाची नव्हती. दुकानदार टीव्ही देतो हेच उपकार.

ओनिडाच्या जाहिरातीत शिंगंवाला, शेपटीवाला एक सैतान यायचा आणि शेजाऱ्यांनी तुमच्या टीव्हीवर जळावं अशी सोय तो करून द्यायचा. जाहिरात गाजली कारण ती खरी होती, शेजारी जळायचेच. आमच्या मराठवाड्यातल्या चितेगावला, पैठणच्या रस्त्यावर, व्हिडिओकॉनचा कारखाना होता, आणि औरंगाबादचे पाहुणे आले की आमच्या टीव्हीकडे 'हा आमच्या गावचा' अशा नजरेनं बघत. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आता टीव्हीवर कोणी जळत नाही. त्रेचाळीस इंची टीव्ही घरातल्या कॉलेजच्या मुलाच्या फोनपेक्षा स्वस्त मिळतो. कोणाच्या भिंतीवर काय टांगलंय हे बघायलाही आता कोणी मान वर करत नाही, कारण सगळ्यांच्या माना फोनमध्ये खाली असतात. म्हणून मला वाटतं, तो सैतान बेकार झाला नाही. टीव्हीवरून उठून तो बिलावर जाऊन बसला. शेजाऱ्याला आता तुमच्या टीव्हीचं काही वाटत नाही, तुम्ही तो कितीला मिळवलात त्याचं वाटतं. वस्तू स्वस्त होत गेली तशी स्वस्तात मिळवण्याची किंमत वाढत गेली.

ही कला आपल्याला शिकवली अदलाबदलीच्या योजनांनी. नव्वदच्या दशकात अकाई या जपानी नावानं बाजारात मोठी धमाल उडवली: जुना टीव्ही आणा, त्याचे इतके हजार वजा. तोवर जुन्या वस्तूची किंमत भंगारवाला ठरवत असे, आणि तोही तराजू हातात घेऊन. आता चक्क दुकानदार तिला हजारांत मोजू लागला. आमच्या वाड्यातल्या एका गृहस्थांकडे द्यायला जुना टीव्हीच नव्हता. बिचाऱ्यांचा पहिलाच होता. त्यांनी रविवारी जुन्या बाजारात जाऊन एक बंद पडलेला डबा विकत आणला, ओल्या फडक्यानं पुसला आणि तोच दुकानात नेऊन दिला. वाड्यात पुढे वर्षभर त्यांच्याविषयी आदरानं बोललं जाई. त्यांच्या नव्या टीव्हीवर कोणी काय पाहिलं ते कोणालाच आठवत नाही.

घटस्थापनेनंतर आम्ही दुकानांत गेलो. दुकानातल्या पन्नास पडद्यांवर एकच पोपट उडत असतो. पोपट झाला की मध टपकतो, मध झाला की ट्यूलिपचे वाफे, मग डाळिंब फुटतं आणि त्याचे दाणे संथपणे हवेत उडतात. ही चित्रं त्या टीव्हीसाठीच काढलेली असतात, आणि वर टीव्हीची सेटिंग दुकानाच्या झगझगाटात उठून दिसेल अशी भडक ठेवलेली असते. विधानसभेचं कामकाज कुठल्याच दुकानात लावत नाहीत. मी विक्रेत्या मुलाला म्हटलं, "दादा, यावर केबलचं साधं मराठी चॅनल लावून दाखव." तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी मोटारीच्या दुकानात बैल जोडून दाखवायला सांगितलं. पण आमच्या आईची मालिका पोपट घेऊन येत नाही. साध्या चॅनलच्या चित्रात ५७६ आडव्या रेघा असतात आणि या फोर-के टीव्हीच्या पडद्यावर २,१६०. म्हणजे आलेल्या प्रत्येक रेघेच्या पावणेचार रेघा टीव्हीला स्वतःच्या मनानं काढाव्या लागतात. काही टीव्हींचं मन चांगलं असतं, काहींचं नसतं, आणि खरा फरक तिथे कळतो. सारख्या किमतीच्या दोन टीव्हींवर मालिका लावायला लावली तेव्हा एकात नायिका नायिकेसारखी दिसली आणि दुसऱ्यात ओल्या भिंतीवरच्या पोपड्यासारखी. घेणाऱ्यांनी हे एवढं जरूर करावं. पोपट सगळीकडे छान दिसतो.

मुलगा बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर हजर होता. त्याला दुकानातल्या टीव्हीकडे बघायचंच नव्हतं, त्याच्या मागचा मॉडेल नंबर वाचून हवा होता. "बाबा, शेवटचं अक्षर के आहे की एन?" दुकानातला आणि ऑनलाइनचा टीव्ही दिसायला जुळा असतो, पण नंबरात एखादं अक्षर वेगळं असतं, त्यामुळे 'तिकडे स्वस्त आहे' असं म्हटलं की विक्रेता सौम्यपणे म्हणतो, "सर, ते मॉडेल वेगळं." घासाघिशीवरचा हा फार हुशार उतारा आहे. आमच्या आजोबांना मंडईत कोणी 'तुमच्या शेजाऱ्यानं घेतलेली मेथी वेगळ्या अक्षराची होती' असं सांगितलं असतं, तर त्यांनी जुडी टाकून दिली असती.

मग कार्ड. अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर दहा टक्के सूट, पण एका ठरावीक रकमेपर्यंतच, आणि ते कार्ड आपल्याकडे कधीच नसतं. सणासुदीच्या दिवसांत महाराष्ट्रातली तुटलेली नाती या कार्डांनी जोडली आहेत. ज्या चुलतभावाशी शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्याला फोन जातो, "कसा आहेस? घरचे बरे? बरं, तुझ्याकडे त्या बँकेचं कार्ड आहे का?" आमचं कार्ड निघालं सौ.च्या मावसबहिणीकडे, नाशिकला. तिनं नंबर दिला, ओटीपी दिला, आणि त्याबरोबर मुलीच्या लग्नाचं आमंत्रणही. आहेराचा खर्च मी टीव्हीच्या हिशेबात धरलेला नाही.

कार्ड मिळालं की विक्रेता विचारतो, "नो कॉस्ट ईएमआय करू का?" फुकट हप्ता ही कल्पना इतकी गोड आहे की रिझर्व्ह बँकेलाही २०१३ च्या सप्टेंबरमध्ये बँकांना सांगावं लागलं, शून्य टक्के व्याज असं काही नसतं. आता त्याचं रूप असं आहे: बँक व्याज लावते, आणि तेवढीच सूट विक्रेता किमतीत देतो. वजाबाकी शून्य. मात्र त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो वजा होत नाही. तीन हजार व्याज निघालं तर ५४० रुपये, शिवाय कुठे कुठे प्रक्रिया शुल्क. फुकटचे पाचशे चाळीस. पैसे जवळ असताना मी ते दिले नाहीत, तेव्हा विक्रेत्याचा चेहरा उतरला. त्याला बहुधा टीव्हीपेक्षा हप्ता विकण्याचं बक्षीस जास्त असावं.

टीव्ही इतके स्वस्त का, हा प्रश्न मला पडत होता. पॅनल बनवण्याचे कारखाने मोठे झाले, हे एक. दुसरं कारण घरी पेटी उघडल्यावर कळलं. पहिल्यांदा टीव्ही लावला तेव्हा त्यानं चॅनल दाखवण्याआधी दहा गोष्टींना संमती मागितली, आणि मग मुख्य पडद्यावर एका सिनेमाची जाहिरात लावली. अमेरिकेत व्हिझिओ नावाची टीव्हीची कंपनी आहे. २०२१ मधल्या एका तिमाहीत तिला टीव्ही विकून जेवढा ढोबळ नफा झाला, त्याच्या दुपटीहून जास्त जाहिराती आणि प्रेक्षकांच्या माहितीच्या धंद्यातून झाला. २०२४ च्या डिसेंबरात वॉलमार्टनं ती कंपनीच विकत घेतली. टीव्ही तर त्या दुकानात आधीपासून होतेच. तेव्हा पोस्टात परवाना काढून आपण टीव्ही बघत होतो, आता टीव्ही आपल्याला बघतो, आणि त्याचा परवाना आपण संमतीच्या बटणावर अंगठा ठेवून फुकट देतो. सेटिंगमध्ये खोल गेलं की 'पाहिलेल्याची माहिती' अशा अर्थाचा एक पर्याय सापडतो, तो बंद करता येतो. तो इतका खोल का ठेवतात ते सांगायला नको. रिमोटवरच्या ओटीटीच्या रंगीत बटणांसाठीही त्या कंपन्या पैसे मोजतात. मात्र आमच्या रिमोटवर एक ते नऊ आकडेच नाहीत. आईला तिचं चॅनल आकड्यानं पाठ होतं. आता ती रिमोटला सांगते, मराठीत, मोठ्या आवाजात, आणि रिमोट तिला भलतंच काही दाखवतो. दोघांचा संवाद मालिकेपेक्षा रंगतो.

बसवायला आलेला मुलगा भिंतीचं ब्रॅकेट पेटीत नाही असं सांगून ते वेगळं विकून गेला. स्टॅबिलायझरची गरज नाही म्हणाला, तो त्याच्याकडे नव्हता म्हणून असेल. जुना टीव्ही मात्र अदलाबदलीत नेला. त्याच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'टीव्ही चालू होतो का?' आमचा चालू होत होता. आवाज खणखणीत होता. चित्राचं फॉर्मवर विचारलं नव्हतं, पण मुलाने स्वतःच लावून पाहिलं, रेघा मोजल्या आणि हसून कमी रक्कम लिहिली. भंगारवाल्यानं त्याहून कमी दिली असती. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार जुन्या मालाची शेवटची विल्हेवाट नीट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा तो ओढ्याकाठी पडणार नाही अशी आशा धरायला हरकत नाही. नव्याची पेटी आणि थर्माकोल माळ्यावर चढले. परत द्यायची मुदत संपली की खाली आणू, असं ठरलंय. आधीच्या दोन टीव्हींची खोकी अजून तिथेच आहेत.

आता किंमत. बिलात सव्वीस हजार नऊशे नव्वद आहेत. पण घरात कोणी तो आकडा सांगत नाही. सौ. त्यातून कार्डाची सूट वजा करते, अदलाबदलीचे वजा करते, आणि साठ दिवसांनी खात्यावर येणार असलेली कॅशबॅकही आत्ताच वजा करते. सुतार, ब्रॅकेट, लग्नाचा आहेर यांचा ती उच्चार करत नाही. मुलगा खोक्यावरच्या छापील किमतीपासून सुरुवात करतो. ती खोक्यावरच राहण्यासाठी छापलेली असते, पण तिच्यापासून मोजलं की आम्ही अर्ध्याहून जास्त वाचवलेले निघतात. आईला सांगितलेला आकडा आणखी खाली आहे, कारण तिच्या डोक्यात टीव्हीची किंमत १९८० च्या घरातलीच राहिली आहे आणि तिची झोप आम्हाला हवी आहे. शेजाऱ्यांना तिसरा. खरा आकडा फक्त बिलाला माहीत आहे.

मेव्हण्यांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. "कितीला पडला, दाजी?" फोन सौ.नं घेतला आणि सगळ्यात तळचा आकडा सांगितला. तिकडे थोडा वेळ शांतता होती. मग आवाज आला, "बरं केलंत. पण मला आधी सांगायचं ना. पोवई नाक्यावर आपला माणूस आहे, दीड हजारानं कमी दिला असता."

टीव्ही घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: बिलावर मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या, पॅनलची वॉरंटी किती ते तोंडी ऐकू नका, छापील बघा, आणि एकदा तो भिंतीवर लागला की त्याच मॉडेलची किंमत पुन्हा बघायला जाऊ नका. दिवाळीत ती आणखी उतरली होती. आम्हाला मेव्हण्यांनी कळवलं.